खंड पडल्यानंतरचं कॉलेज

प्रवेश अर्जात एक छोटा रकाना असतो: ‘शैक्षणिक खंड असल्यास कारण’. मी आठवडाभर कॉलेजात शिकवते आणि रविवारी तालुक्याच्या मुक्त विद्यापीठ अभ्यासकेंद्रावर बसते. दर वर्षी प्रवेश सुरू झाले की आमच्या टेबलापाशी बरेच जण नेमके याच रकान्याशी अडतात. नाव, पत्ता, आधार क्रमांक भराभर लिहून होतं. इथं आलं की पेन थांबतं.

मागे कापडाच्या दुकानात काम करणारी एक मुलगी आली होती. बारावी होऊन पाच वर्षं झालेली. तिनं हळूच विचारलं, “मॅडम, इथं खरं लिहायचं का?” वडिलांचा अपघात झाला, भावाची शाळा चालू होती, म्हणून ती दुकानात लागली. एवढंच खरं होतं. ‘घरची जबाबदारी व नोकरी’ असं तिनं लिहिलं आणि रकाना भरला. मग तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढले. शाळा सोडल्याचा दाखला तिनं पाच वर्षं जिवापाड जपला होता. खराब होऊ नये म्हणून त्याला लॅमिनेशन करून घेतलं होतं. लॅमिनेशन केलेल्या दाखल्यावर शिक्का बसत नाही, मागं नोंद करता येत नाही. तो दुय्यम काढून आणण्यात तिचे तीन आठवडे गेले. रकान्याला दोन मिनिटं लागली होती.

हे मी मुद्दाम आधी सांगतेय. दोन, चार, सात वर्षांनी पदवीकडे वळणाऱ्यांच्या मनात धास्ती असते ती वयाची आणि खंडाची. प्रत्यक्षात प्रवेश अडतो कागदांपायी, आणि प्रवेशानंतर अभ्यास अडतो वेळेपायी. या दोन्ही गोष्टींची तयारी करता येते, म्हणून त्या सावकाश समजून घेऊ.

आधी वयाचं उरकून टाकू. बीए, बीकॉम, बीएस्सी यांसारख्या पदव्यांना आपल्याकडच्या विद्यापीठांत सर्वसाधारणपणे वयाची वरची मर्यादा नाही. बारावी उत्तीर्ण असणं ही अट आहे. ती कोणत्या साली, हे गुणवत्ता यादीत बघत नाहीत. वैद्यकीयच्या ‘नीट’ला पूर्वी खुल्या गटासाठी २५ आणि राखीव गटासाठी ३० वर्षांची मर्यादा होती, २०२२ मध्ये ती काढली. आता किमान १७ वर्षं पूर्ण असावी लागतात, एवढंच. अभियांत्रिकीच्या ‘जेईई मेन’ला मात्र वयाची अट नसली तरी बारावीच्या सालाची आहे: ज्या वर्षी बारावी झाली ते आणि त्यापुढची दोन वर्षं. तेव्हा चार वर्षांचा खंड पडलेल्यानं आयआयटीची स्वप्नं विकणाऱ्या क्लासला पैसे देण्याआधी हे वाचावं.

पुढच्या नोकरीचंही गणित मांडून बघा. राज्यसेवेसाठी पदवी लागते आणि अर्जाची कमाल वयोमर्यादा खुल्या गटासाठी ३८, मागासवर्गीयांसाठी ४३ आहे. तेविसाव्या वर्षी पदवीला सुरुवात केली तर सव्विसाव्या वर्षी पदवी हातात येते. बारा वर्षं उरतात. सैन्यदलातल्या अधिकारी भरतीसारख्या काही वाटांना वय कमी लागतं, त्या खरोखरच बंद झालेल्या असू शकतात. पण त्या मोजक्या आहेत. ‘आता काय उपयोग’ असं म्हणणाऱ्या काका-मामांना हा हिशेब कागदावर करून दाखवावा.

आता दारं कोणती ते बघू.

पहिलं दार नेहमीच्या कॉलेजचं. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक आहेत, म्हणजे एका सत्राला वीस ते बावीस. तासिकांचा एक श्रेयांक म्हणजे पंधरा तास. बावीस श्रेयांक म्हणजे सत्रात ३३० तास, साधारण पंधरा आठवड्यांत विभागले तर आठवड्याला बावीस तास वर्गात. प्रात्यक्षिकाला हेच तास दुप्पट होतात, कारण तिथं एका श्रेयांकाला तीस तास. शिवाय हजेरी ७५ टक्के. ज्याला पूर्णवेळ नोकरी आहे त्यानं विज्ञान शाखेच्या नियमित प्रवेशाचा विचार हा आकडा समोर ठेवून करावा. प्रयोगशाळेला दांडी मारून विज्ञान शिकता येत नाही, आणि ‘सर सांभाळून घेतील’ या भरवशावर तर मुळीच जाऊ नये.

दुसरं दार सकाळच्या किंवा रात्रीच्या कॉलेजचं. ही सोय आपल्याकडे विचारपूर्वक झालेली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलं, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांना यावं म्हणून वर्ग सकाळी ठेवले होते. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढलं ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. तीच योजना आज अनेक विद्यापीठांच्या कॉलेजांत चालते: ग्रंथालय, कार्यालय, बाग यांत ठरावीक तास काम आणि त्याचा मोबदला. रात्रीची कॉलेजं मोठ्या शहरांतच आहेत, तालुक्याला मिळत नाहीत. तिथं पुढची दोन दारं कामाला येतात.

तिसरं म्हणजे नेहमीच्या विद्यापीठाचा दूरशिक्षण विभाग. मुंबई विद्यापीठात असा विभाग १९७१ पासून आहे. चौथं दार मुक्त विद्यापीठाचं, आणि उशिरा येणाऱ्यांपैकी मला भेटणारे बहुतेक या दारानंच आत येतात, म्हणून इथं थोडं थांबते.

भारतातलं पहिलं मुक्त विद्यापीठ १९८२ साली हैदराबादला झालं. १९८५ मध्ये दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू आलं. १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं आणि डॉ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद. गंगापूर धरणाजवळच्या मुख्यालयात विद्यार्थी क्वचितच जातो. त्याचा संबंध येतो तो आपल्या गावाजवळच्या अभ्यासकेंद्राशी, जे बहुधा एखाद्या कॉलेजातच असतं. प्रवेश अर्ज ऑनलाइन भरायचा, केंद्र निवडायचं, शुल्क भरायचं. पुस्तकं मिळतात, ती मराठीत असतात आणि एकट्यानं वाचून समजावीत अशी घटक पाडून लिहिलेली असतात: सुरुवातीला उद्दिष्टं, मध्ये स्वयंअध्ययनाचे प्रश्न, शेवटी उत्तरं. शनिवार-रविवारी संपर्क सत्रं होतात. शिकवणाऱ्याला इथं संमंत्रक म्हणतात, कारण त्याचं काम व्याख्यान देण्यापेक्षा अडलेलं सोडवून देण्याचं आहे. घरी लिहून आणायचे स्वाध्याय, त्यांचे अंतर्गत गुण, आणि शेवटी केंद्रावर लेखी परीक्षा. गोव्यात किंवा महाराष्ट्राबाहेर इतरत्र असलेल्यांना याच धर्तीवर इग्नूचा पर्याय आहे. तिथं तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पुरी करता येते. बाळंतपण, बदली, दुकानाचा सीझन अशा सगळ्या गोष्टी या सवलतीत सामावतात.

या पदवीला कमी लेखणारे भेटतात. नियम स्पष्ट आहे: विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता असलेल्या संस्थेनं दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं दिलेली पदवी ही नियमित पदवीशी समकक्ष आहे, असं आयोगानं २०२२ मध्ये पुन्हा जाहीर केलं. त्यातलं ‘मान्यता असलेल्या’ एवढं मात्र डोळ्यात तेल घालून बघायचं. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या त्या सत्रासाठी कोणत्या विद्यापीठाचा कोणता अभ्यासक्रम मान्य आहे याची यादी असते. विद्यापीठाचं नाव यादीत आहे म्हणजे अभ्यासक्रमही आहे असं नाही, दोन्ही तपासा. अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, कायदा यांच्या पदव्या दूरशिक्षणानं मिळत नाहीत. कुणी ‘घरबसल्या एका वर्षात बीई’ म्हणाला की तिथून उठायचं. दूरस्थ प्रवेशासाठी आता विद्यार्थ्याला आयोगाच्या संकेतस्थळावर स्वतःचा ‘डेब आयडी’ काढावा लागतो. तो स्वतः काढा, एजंटाकडून काढू नका.

बारावीच राहिली असेल तर? मुक्त विद्यापीठात अशांसाठी पूर्वतयारीची वाट सुरुवातीपासून ठेवलेली होती, आणि त्या वाटेनं शिकून पुढं गेलेल्यांबद्दल मला आदर आहे. पण सल्ला विचाराल तर बारावी करून घ्या, असंच मी सांगते. पुढं एखाद्या भरतीत किंवा अभ्यासक्रमात दहावी, बारावी, पदवी अशी सलग साखळी मागतात आणि मधली कडी नाही म्हणून माणूस हात चोळत बसतो. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या बारावीला बसता येतं. त्याची मुदत परीक्षेच्या बऱ्याच आधी, पावसाळ्यातच चालू होते. दिवाळीनंतर जाग आली तर वर्ष जातं.

आता कागद. माझ्या अनुभवात निम्मी भांडणं इथंच होतात, म्हणून जरा तपशिलात जाते.

सगळ्यांत महत्त्वाचा मूळ शाळा सोडल्याचा दाखला, ज्याला सगळे एलसी म्हणतात. तो लॅमिनेट करू नका. हरवला असेल तर कनिष्ठ महाविद्यालयात अर्ज करून दुय्यम प्रत मिळते. गुणपत्रिका हरवली असेल तर मंडळाच्या विभागीय कार्यालयाकडून दुय्यम मिळते, आणि डिजिलॉकरवरही बघावं. खरी गुंतागुंत होते ती पूर्वी कुठंतरी पहिल्या वर्षाला नाव घालून मग सोडून दिलेल्यांची. त्यांचा दाखला त्या कॉलेजात पडून असतो. माझ्याच ओळखीतल्या एका मुलाचं अख्खं वर्ष यात गेलं: जुन्या कॉलेजनं ‘पुढच्या वर्षांचं शुल्क भर, मग दाखला ने’ असं सांगितलं आणि तो गप्प घरी आला. त्याला ठाऊक नव्हतं की मूळ कागदपत्रं अडवून ठेवू नयेत, पडताळून लगेच परत करावीत, अशी आयोगाची २०१८ ची अधिसूचना आहे. असं झालं तर तोंडी वाद घालू नका. लेखी अर्ज द्या, त्याच्या प्रतीवर पोच घ्या, उत्तर आलं नाही तर विद्यापीठाच्या तक्रार निवारण कक्षाकडे तीच प्रत जोडून पाठवा. शिक्का असलेली पोच दाखवली की बरीच दारं आपोआप उघडतात.

खंडाबद्दल कॉलेज जे मागतं त्याला बोलीत ‘गॅप सर्टिफिकेट’ म्हणतात. ते कुणी देत नसतं. ते तुमचंच प्रतिज्ञापत्र असतं. अमुक साली बारावी झालो, त्यानंतर अमुक काळ नोकरी, आजारपण किंवा घरच्या कारणानं शिक्षण घेतलं नाही, या काळात दुसऱ्या कुठल्याही संस्थेत प्रवेश नव्हता, एवढा मजकूर. शेवटचं वाक्य खोटं लिहू नका. पूर्वी प्रवेश घेतला असेल तर तो लिहा, कारण विद्यापीठाचा जुना नोंदणी क्रमांक (पीआरएन) आज ना उद्या समोर येतो. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. तेव्हा पाचशेचा स्टॅम्प पेपर विकत घेण्याआधी, साध्या कागदावरचं चालेल का, हे कॉलेजच्या कार्यालयात विचारा.

बारावी दुसऱ्या मंडळाची असेल तर मायग्रेशन आणि विद्यापीठाचं पात्रता प्रमाणपत्र लागतं. लग्न झालेल्या मुलींना नावाचा घोळ निस्तरावा लागतो: दाखल्यावर माहेरचं, आधारवर सासरचं. माझं सांगणं असं की पदवी बारावीच्या गुणपत्रिकेवरच्या नावानंच घ्या आणि सोबत विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र ठेवा. नाव बदलायचंच असेल तर राजपत्रात जाहिरात देऊन, सगळीकडे एकदाच बदला. अर्धं इकडं अर्धं तिकडं ठेवलं की दर अर्जाला खुलासा द्यावा लागतो.

पूर्वी एखादं वर्ष उत्तीर्ण झाला असाल तर ते वाया गेलं असं लगेच मानू नका. २०२१ पासून श्रेयांक पेढी आहे. त्यात जमा झालेले श्रेयांक सात वर्षांपर्यंत वापरता येतात, आणि नव्या धोरणात एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन थांबण्याची व परत येण्याची सोय आहे. पेढीच्या आधीच्या जुन्या अभ्यासक्रमाचं वर्ष मात्र आपोआप जमा होत नाही. त्यासाठी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात जुनी गुणपत्रिका घेऊन समकक्षतेची चौकशी करावी लागते.

पैशांचं थोडक्यात. राज्य शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावरच्या शिष्यवृत्त्यांसाठी अर्ज जरूर करा, पण अटी वाचून. राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीत खंडाची अट अभ्यासक्रम चालू असतानाच्या खंडाबद्दल आहे. बारावीनंतरच्या खंडाशी तिची गल्लत करून अनेक जण अर्जच करत नाहीत. उलट ती योजना दूरशिक्षणाला आणि अर्धवेळ अभ्यासक्रमाला लागू नाही, हे न कळल्यानं काही जण आशेवर बसतात. मुलींसाठी ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे. खंडानंतर बी.फार्म. किंवा अभियांत्रिकीकडे वळू बघणाऱ्या मुलीनं हे घरात वाचून दाखवावं.

प्रवेश झाला, ओळखपत्र मिळालं. आता वेळ.

दूरशिक्षणात एक श्रेयांक म्हणजे तीस तासांचा अभ्यास धरतात. वर्षाला ४४ श्रेयांक असतील तर १,३२० तास, आठवड्याला पंचवीस. दुकानातून रात्री साडेआठला सुटणाऱ्या मुलीला हे अशक्य आहे. तिला जमतात ते रोज पहाटे दीड तास आणि रविवारी चार, मिळून तेरा. त्या तेरा तासांत उत्तीर्ण होता येतं, मी वर्षानुवर्षं बघतेय. पण आठवड्याचे ते तेरा तास न चुकता, रोजचे रोज भरावे लागतात. परीक्षेआधी महिनाभर रजा काढून भरून काढू म्हणणारे मागं पडतात. घरच्यांना पहिल्याच आठवड्यात वेळ सांगून टाकावी: पाच ते साडेसहा मला हाक मारू नका. हे बोलायला बायकांना जड जातं. तरीही बोलावं.

एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. पाच वर्षं हातानं न लिहिलेला माणूस तीन तासांचा पेपर लिहू शकत नाही. डोक्यात सगळं असतं, पण चाळीस मिनिटांत अंगठ्याच्या मुळाशी कळ येते, अक्षर मोडतं, पुढची उत्तरं आखडत जातात. मोबाइलवर लिहायची सवय बोटांना लागलेली असते, मनगटाला नाही. म्हणून पहिल्या रविवारी मी सगळ्यांना दोनशे पानी वही आणायला लावते. रोज एक पान, पाठ्यपुस्तकातला परिच्छेद वाचून, पुस्तक मिटून, आपल्या शब्दांत. दुसऱ्या महिन्यापासून दोन पानं, घड्याळ लावून. यानं हात सुटतो, आणि वाचलेलं समजलं की नाही हेही तिथल्या तिथं कळतं.

नियमित कॉलेजात गेलात तर बाकावर शेजारी अठरा वर्षांची मुलं असतील. पहिले पंधरा दिवस अवघडल्यासारखं होतं. मग कुणीतरी ‘ताई, नोट्स देता का’ म्हणून येतं, कारण तुम्ही तास बुडवत नाही. बँकेत पैसे भरलेला, गिऱ्हाईक सांभाळलेला, आजारी माणसाची रात्र काढलेला विद्यार्थी अर्थशास्त्राच्या किंवा समाजशास्त्राच्या तासाला वेगळे प्रश्न विचारतो. शिकवणाऱ्याला तो हवाहवासा वाटतो, हे मी माझ्यापुरतं खात्रीनं सांगते.

महर्षी कर्व्यांची गोष्ट मी वर्गात सांगते. धोंडो केशव कर्वे १८५८ साली जन्मले. मुरूडहून सह्याद्री ओलांडून ते परीक्षेसाठी पायी साताऱ्याला गेले आणि वयानं लहान दिसतो म्हणून त्यांना बसू दिलं नाही. पुढं मॅट्रिक झाले ते १८८१ मध्ये, म्हणजे तेविसाव्या वर्षी. १८८४ मध्ये एल्फिन्स्टनमधून गणित घेऊन बीए झाले. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढलं तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. मुली वहीत ते वय लिहून घेतात आणि आपलं वय त्यातून वजा करतात.

दुकानातल्या त्या मुलीचा पहिला पेपर मे महिन्यात होता. माझी देखरेख त्याच खोलीत आली. अर्ध्या तासानं तिनं पेन ठेवलं, मनगट झटकलं, परत लिहायला घेतलं. दीड तास झाला तरी मान वर नाही. पावणेतीन तासांनी तिनं हात वर केला. मी जवळ गेले. उत्तरपत्रिकेचं शेवटचं पान भरत आलं होतं.

“मॅडम,” ती म्हणाली, “पुरवणी.”